पाव मिलिमीटर जागा

वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी माझ्या तोंडात चार रबरी रिंगा बसल्या, तेव्हा मला जो आनंद झाला तो लग्नात मंगळसूत्र घालताना झाला नव्हता. लग्नाच्या दिवशी मला ताप होता, हेही खरं.

रिंगा बसवल्या माझ्या लेकीनं. प्रांजली दातांची डॉक्टर आहे, आणि आता वाकडे दात सरळ करायचं पुढचं शिक्षण घेते आहे, इथेच ग्वाल्हेरात. पहिल्या वर्षाच्या शेवटी त्यांची एक परीक्षा असते. पेशंटच्या वरच्या दोन दाढांभोवती धातूची पट्टी, तिला ते बँड म्हणतात, परीक्षकांच्या डोळ्यांदेखत बसवून दाखवायची. जमलं तर पुढच्या महिन्यापासून स्वतःच्या नावावर पेशंट मिळतात. नाही जमलं तर सहा महिने दुसऱ्यांच्या पेशंटांच्या दातांचे साचे धुवायचे. प्रांजलीचा ठरलेला पेशंट ऐन वेळी भिंडला भाच्याच्या लग्नाला निघून गेला, आणि मग तिला आईचे दात आठवले. माझा वरचा एक दात बाकीच्यांच्या पुढे येऊन उभा आहे, ग्रुप फोटोत एखादा काका उभा राहतो तसा.

"तू फक्त खुर्चीत बसायचं," प्रांजली म्हणाली. "और वहाँ कुछ बोलना मत. घरचा पेशंट आणलेला बाहेरच्या सरांना आवडत नाही. म्हणतात, घरचे लोक सांभाळून घेतात."

"मग मी कोण?"

"शामला जाधव, उम्र अड़तालीस."

केसपेपरवर दोघींचं आडनाव एकच येणार होतं. पण ग्वाल्हेरात जाधव काय कमी आहेत.

रिंगा शुक्रवारी बसल्या, दोन उजवीकडे, दोन डावीकडे, प्रत्येक दाढेच्या पुढे एक आणि मागे एक. निळ्या, मुगाच्या दाण्याएवढ्या. मी विचारलं, ह्यांनी होतं काय? प्रांजली हातमोजे काढत होती. म्हणाली, "जागा होते. मंगळवारी काढायच्या आणि पट्टी बसवायची."

"पण होते कशी?"

"आई, बायोमेकॅनिक्स आहे ते. तुला नाही कळणार."

आणि ती पिशवी उचलून हॉस्टेलवर मैत्रिणीकडे अभ्यासाला गेली. जाताना जाडजूड पुस्तक मात्र माझ्या शिलाई मशीनवर विसरली. आता ह्यात माझी काय चूक.

मी साड्यांना फॉल-पिको करते. बारावीनंतर शाळा सुटली, त्यानंतर जे शिकले ते उसवून उसवून शिकले. इंग्रजी पुस्तक घाबरवतं खरं, पण एका हातात मोबाइलचा शब्दकोश घेतला की तेही हळूहळू उसवता येतं. दोन दिवसांत मी अडीच पानं वाचली. ह्यांना, म्हणजे केदाररावांना, दोन्ही दिवस खिचडीच मिळाली. तक्रार आली नाही, कारण मला दुसरं काही चावताच येत नव्हतं.

मला जे कळलं ते असं. दाढा एकमेकींना इतक्या खेटून असतात की मधून पट्टी जाऊच शकत नाही. म्हणून ती रिंग ताणून पातळ करतात आणि दोन दाढांच्या मध्ये सरकवतात. अर्धी चावायच्या बाजूला राहते, अर्धी हिरडीकडे जाते, आणि दातांचा जिथे स्पर्श होतो ती जागा रिंगेच्या मिठीत येते. हात सोडला की रबराला पुन्हा पहिल्यासारखं जाड व्हायचं असतं. ते धक्का देत नाही, नुसता हट्ट धरून बसतं. आणि दात काही भिंतीत खिळा ठोकावा तसा हाडात ठोकलेला नसतो. खाट सुतळीवर तोललेली असते तसा तो बारीक बारीक तंतूंवर तोललेला असतो. एका बाजूचे तंतू दबतात, दुसऱ्या बाजूचे ताणले जातात, आणि दात सरकतो. फूलबागेहून कंपूकडे येणाऱ्या टेंपोत तीन बायांच्या सीटवर चौथी बसते तेव्हा काय होतं? ती कुणाला ढकलत नाही. नुसती टेकते. दोन चौक गेले की सगळ्या आपापल्या सरकलेल्या असतात आणि कुणालाच आठवत नाही कोण कधी सरकलं.

आणि ती चौथी उतरली की? पुन्हा सगळ्या पसरतात. पुस्तकात तेही होतं. रिंग निघाली की तंतू दाढेला मागे ओढतात आणि जागा मिटायला लागते.

किती जागा होते, तर पाव मिलिमीटर. मला ते पटेना. मी पिकोचा दोरा पेन्सिलीवर वीस वेळा शेजारी शेजारी गुंडाळला आणि पट्टीनं मोजला. बरोबर पाच मिलिमीटर. म्हणजे माझ्या दोऱ्याच्या जाडीएवढी जागा. तेवढ्यासाठी शनिवारी माझी अशी अवस्था होती की गरम चहाचा घोट घेताना दाढांना वाटत होतं आपल्यावर अन्याय झाला आहे. पुस्तक म्हणत होतं, दुसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त दुखतं. दुखलं. मी खूश झाले. पुस्तकाप्रमाणे चाललं होतं सगळं.

हे ज्ञान पोटात ठेवणं मला शक्य नव्हतं. प्रांजलीकडून मी दोन कोऱ्या रिंगा पाहायला म्हणून मागून घेतल्या होत्या, त्या कुंकवाच्या रिकाम्या डबीत घातल्या आणि पर्समध्ये घेऊन फिरले. दाल बाज़ारातल्या दोऱ्यांच्या दुकानात दाखवल्या. दुकानदार म्हणाला, "बहनजी, ये तो प्रेशर कुकर की सीटी में भी लगती है." त्याला समजावण्यात माझा अर्धा तास गेला.

सोमवारी संध्याकाळी शांताताईंकडे हळदीकुंकू होतं.

शांताताई आमच्याच गल्लीत राहतात, माझ्याहून बारा वर्षांनी मोठ्या, आणि दोन वर्षं आम्ही बोलत नव्हतो. कारण त्यांच्या सुनेची चंदेरी. तिला फॉल लावताना मी तो आधी भिजवून घेतला नाही. नवा सुती फॉल पाण्यातून काढून, वाळवून मगच लावायचा असतो, हे मला माहीत होतं, पण घाई होती. पहिल्याच धुण्यात फॉल आटला आणि अख्खी साडी खालून चुण्या चुण्या होऊन बसली. बोटभर आटलेल्या फॉलनं सहा वार रेशीम खेचून घेतलं. मी म्हणाले, साडीच तशी होती. त्या म्हणाल्या, बाईच तशी आहे. मग संपलं.

आता ह्या वर्षी त्यांनी सुनेबरोबर बोलावणं पाठवलं होतं. मी गेले. शांताताईंनी हळदकुंकू लावलं, हातावर तिळाची वडी ठेवली आणि माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, "घे. गोड बोल."

चिक्कीसारखी वडी, चांगली चिवट. खोलीत वीस बायका. त्या क्षणी ती वडी पर्समध्ये ठेवणं म्हणजे आणखी दोन वर्षं. मी ती तोंडात टाकली आणि शांताताई बघत होत्या म्हणून नीट चावली.

पुस्तकात मी रिंग का बसवतात ते वाचलं होतं. रिंग असताना काय खाऊ नये, ते पुढच्या पानावर होतं.

तिसऱ्या चावण्याला काहीतरी सुटलं. मी जीभ फिरवली. उजवीकडची पुढची जागा रिकामी. रुमालात वडी काढली, तर तिळांच्या मध्ये निळी रिंग, तुटलेली.

साडेपाच वाजले होते. परीक्षा सकाळी दहाला. प्रांजलीला फोन लावला, बंद. विभागाला कुलूप लागलं असणार. माझ्या डोळ्यांसमोर त्या टेंपोतल्या बाया पसरायला लागल्या. रात्रभरात जागा मिटणार, सकाळी पट्टी अडकणार, आणि माझी पोरगी सहा महिने साचे धुणार, कारण तिच्या आईला गोड बोलायचं होतं.

"काय गं, वडी आवडली नाही?" शांताताई समोर उभ्या होत्या. आवाज थंडगार.

"शांताताई, आत या. आरसा कुठे आहे?"

माझा चेहरा पाहून त्या लगेच वळल्या. आतल्या खोलीत आलो. मी कुंकवाची डबी उघडली, तोंड उघडून दाखवलं आणि एका दमात सगळं सांगितलं. परीक्षा, पट्टी, तंतू, टेंपो. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "म्हणजे ही टिकली तिथे परत घालायची. एवढंच ना?"

"एवढंच. पण एकटीच्या हातानं होत नाही."

पुस्तकात चित्र होतं. डॉक्टरकडे ह्यासाठी पक्कड असते, पण पक्कड नसेल तर दोऱ्यानंही होतं. रिंगेतून दोन दोरे ओवायचे. एक एका बाजूला ओढायचा, दुसरा दुसऱ्या बाजूला, रिंग ताणून पातळ झाली की करवतीसारखी पुढेमागे करत दातांच्या मध्ये न्यायची. डॉक्टरांचा दोरा वेगळा असतो. आमच्याकडे शांताताईंच्या शिलाईच्या डब्यातला गुलाबी दोरा होता. उकळत्या पाण्यातून काढलेली रिंग, साबणानं दोनदा धुतलेले चार हात, आरशाला टेकवलेला मोबाइल, त्याचा दिवा सरळ माझ्या टाळ्यावर.

"आतला दोरा तुम्ही धरा, बाहेरचा मी."

"आतला म्हणजे तोंडात हात घालू?"

"घाला."

शांताताईंनी बांगड्या कोपरापर्यंत सरकवल्या आणि दोन बोटं माझ्या तोंडात घातली. मग थोडं वाकून आत डोकावल्या. "दोन वर्षं तुझं तोंड पाहिलं नाही," त्या म्हणाल्या, "आणि आता एकदम आतून पाहतेय."

मला हसू आलं. रिंग सटकून त्यांच्या साडीच्या निऱ्यांमध्ये पडली. ती शोधली. पुन्हा धुतली.

"हसू नकोस. ओढ."

आम्ही ओढलं. दुसऱ्यांदा पुन्हा निसटली, कारण त्या जोरात ओढत होत्या आणि मी हळू. मी खुणेनं सांगितलं, दोघींचा जोर सारखा पाहिजे. "अगं, मग सांग ना तसं," त्या म्हणाल्या. तोंडात त्यांचा हात असताना मी काय सांगणार होते. बाहेरून सुनेनं हाक मारली, "आई, बायका थांबल्यात." शांताताई म्हणाल्या, "थांबू दे. इथे महत्त्वाचं चाललंय."

तिसऱ्या वेळी आम्ही एकमेकींच्या डोळ्यांत पाहिलं आणि बरोबर ओढलं. रिंग दोऱ्यासारखी बारीक झाली. पुढे, मागे, पुढे, आणि टक्. ते टक् माझ्या कानाच्या मुळाशी वाजलं. लगेच ओळखीचा दाब आला, चौथी बाई सीटवर टेकली होती.

दोन्ही दोरे हळूच ओढून काढले. माझ्या डोळ्यांत पाणी होतं, थोडं दाढेचं. मी म्हणाले, "शांताताई, तो फॉल मी भिजवला नव्हता."

"मला माहीत आहे," त्या हात पुसत म्हणाल्या. "साडी मी उसवून नीट करून घेतली कधीच. तू कबूल करायची वाट पाहत होते. आता ताक पी, वडी नको."

मंगळवारी दहा वाजता मी खुर्चीत आडवी होते. प्रांजलीनं मला "गुड मॉर्निंग, शामलाजी" म्हटलं आणि कानाजवळ वाकून पुटपुटली, "आई, चुप." परीक्षक इंदूरहून आले होते, हेमेंद्र सर. पांढरी मिशी, कपाळावर चष्मा, हातात घडी घातलेला गुणांचा कागद. त्यांचं तोंड पाहून वाटलं की ह्यांना आयुष्यात सगळ्यांनी दात तपासायलाच दाखवले असतील, हसून कुणी नाही.

प्रांजली रिंगा काढायला लागली. काढलेली प्रत्येक रिंग ट्रेमध्ये मोजून ठेवायची असते, एखादी हिरडीखाली राहिली तर आत हाड खाऊ शकते. एक. दोन. तीन. चौथी निघाली तिच्यामागे इवलासा गुलाबी धागा लोंबत होता.

हेमेंद्र सरांनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर आणला. "ये क्या है?"

प्रांजलीनं धाग्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तिच्या डोळ्यांवरून मला कळलं की तिला आता काहीच उमगत नाही आहे. मग मी बोलले. मला न बोलायला सांगितलं होतं, पण ते वेगळ्या परिस्थितीसाठी होतं.

"सर, एक रिंग निकल गई थी कल शाम को. तिळाची वडी... तिलपट्टी खा ली मैंने. तो दूसरी डाल दी, धागे से."

"किसने डाली?"

"मैंने और पड़ोसन ने."

खोलीत दोन-तीन विद्यार्थी होते, ते हसू दाबत भिंतीकडे वळले. सर हसले नाहीत. "आपको धागे से डालना किसने सिखाया?"

मी प्रांजलीकडे पाहिलंही नाही. मी सरळ म्हणाले, "डॉक्टर साहब ने. सब समझाया था इन्होंने. दात कैसे सरकता है, तंतू कैसे खिंचते हैं, कितनी जगह बनती है. पाव मिलिमीटर."

सरांनी भुवई उंचावली. कागदावर एक रकाना होता, पेशंटला समजावलं का, म्हणून. त्यांचं पेन तिथे गेलं. "डॉक्टर, आपने पेशेंट को इतना सब समझाया?"

हो म्हण, मी मनात म्हटलं. एक अक्षर आहे, म्हणून टाक.

मास्कच्या वर प्रांजलीचे कान लाल झाले. मग ती म्हणाली, "नहीं सर. मैंने कुछ नहीं समझाया. चिपचिपा खाने को मना भी नहीं किया. इन्होंने पूछा था, मैंने कहा, आपको समझ नहीं आएगा. इन्होंने मेरी किताब से खुद पढ़ा है."

पेननं रकान्यात शून्य काढलं. मला दिसलं. गोल, स्वच्छ, घाई न करता काढलेलं.

"और आप," सर माझ्याकडे वळले, "ऐसा दोबारा मत कीजिए. रिंग अंदर चली जाती तो?"

"जी सर," मी म्हणाले. ते रागावले होते ते बरोबरच होतं. पण मला त्या वेळी राग, भीती काही कळत नव्हतं. माझी पोरगी खोटं बोलली नव्हती, आणि तिनं माझं खोटंही झाकलं नव्हतं, आणि छाती अशी भरून आली होती की त्या खुर्चीतून उठून फूलबागेपर्यंत धावत जावंसं वाटत होतं.

"चलिए, बैंड."

डावीकडचा पहिल्याच प्रयत्नात बसला. जागा छान झाली होती, पट्टी अशी सरकली जशी लोखंडी बांगडी साबणाच्या हातात. उजवीकडचा मात्र अर्ध्यावर अडला. पुढचा कोपरा. तीच जागा. अर्धा तास रिकामी राहिली होती, किंवा तीनदा ताणून आमची रिंगच सैल झाली होती, कोण जाणे. प्रांजलीनं अंगठ्यानं दाबलं. मग अवजारानं दाबलं. पट्टी जराशी तिरकी झाली. सरांनी घड्याळ पाहिलं. तिनं पट्टी काढून पुन्हा बसवली, ती पुन्हा तिथेच अडली.

मला ठाऊक होतं पुढे काय करायचं. दाढेवर एक काडी ठेवतात आणि पेशंटला चावायला सांगतात. हातापेक्षा जबड्यात कितीतरी जास्त ताकद असते, आणि ती सरळ दाढेच्या दिशेनं लागते. डॉक्टर फक्त काडी कुठे ठेवायची ते ठरवतो. पण मी बोलू शकत नव्हते, आणि बोलायचंही नव्हतं. हे तिला स्वतःला आठवायला हवं होतं.

तिला आठवलं. तिनं काडी घेतली, बरोबर त्या अडलेल्या कोपऱ्यावर टेकवली.

"शामलाजी, धीरे से काटिए."

मी हळूच चावलं. पट्टी हलली नाही. दाढ मात्र उठून बसली.

"थोड़ा और."

थोडं आणखी. काही नाही. प्रांजलीनं श्वास घेतला, माझ्या चेहऱ्यावर वाकली आणि म्हणाली, "आई, चाव. सगळा जोर लाव. मी धरलंय."

मी चावलं. पाच दिवस दुखलेल्या त्या दाढेवर मी अशी चावले की पायाचे अंगठे चपलेत वळले. आत काहीतरी करकरलं, दाढेच्या मुळापासून डोळ्यापर्यंत एक वीज गेली, आणि पट्टी वर गेली. एका झटक्यात नाही. सरकत, दाढेच्या अंगाला घासत, जशी जायला हवी तशी, आणि थांबली.

प्रांजलीनं काडी काढली. सर पुढे आले, बारीक टोकाच्या अवजारानं पट्टीची कड सगळीकडून चाचपली. पुढे, मागे, आतून, बाहेरून. टोक कुठेच अडकलं नाही.

"बैठ गया," ते म्हणाले. मग चष्मा पुन्हा कपाळावर चढवला. "आई?"

"जी सर," प्रांजली म्हणाली. "माँ हैं मेरी."

"मैं इसीलिए घरवालों को मना करता हूँ कि वो संभाल लेते हैं." त्यांनी ट्रेमधला गुलाबी धागा चिमट्यानं उचलून पाहिला. "यहाँ तो घरवालों ने ही सारा काम बिगाड़ा." पहिल्यांदा त्यांची मिशी जरा हलली. कागदावर त्यांनी भराभर काही आकडे टाकले आणि सही केली. "पास. लेकिन ज़ीरो, ज़ीरो ही रहेगा. अब बैठिए और इन्हें समझाइए. मेरे सामने. शुरू से."

प्रांजलीनं स्टूल ओढलं. मास्क खाली केला. माझी खुर्ची बटण दाबून वर घेतली, आम्ही दोघी एका उंचीवर येईपर्यंत. आणि सुरुवात केली, निम्मं हिंदीत, निम्मं मराठीत. "आई, ऐक. दात हाडात घट्ट नसतो. बीच में बारीक तंतू असतात..."

मला सगळं पाठ होतं. तरी मी मध्ये बोलले नाही, मान हलवत राहिले, कारण ती छान सांगत होती आणि तिचे हात सांगताना हवेत दाढा करत होते. तंतू झाले. जागा झाली. मग ती म्हणाली, "आता ह्या पट्टीला आम्ही तार जोडणार. पण तार दात ओढते तेव्हा दाढसुद्धा उलटी पुढे ओढली जाते. मग दाढेला जागेवर धरून ठेवायचं कसं?"

हे मला खरंच माहीत नव्हतं. मी खुर्चीत ताठ उठून बसले आणि म्हटलं, "कसं?"